बेचाळीस ट्यूब दुरुस्तीला

कुणाचंच नसलेलं पत्र शेवटी कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर त्या कचेरीत सगळ्यांना पाठ होतं. आवकबुवांचं.

आवकबुवा म्हणजे निवृत्तिवेतन कचेरीतले आवक-जावक कारकून. आलेलं पत्र आवक वहीत चढवायचं, गेलेलं जावक वहीत, आणि मधल्या काळात त्या पत्राचं जे काही होतं त्याकडे काणाडोळा करायचा, असं हे काम त्यांनी बावीस वर्षं एकाच खुर्चीत बसून केलं होतं. खुर्ची दाराजवळ होती. पेन्शनच्या कामाला येणारे आजी-आजोबा भिंतीवरचा फलक वाचत नसत, ते आवकबुवांना विचारत. बुवा वरवर वैतागत, पण मनातून त्यांना याचा फार अभिमान होता. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. याच खुर्चीतून उठायचं आणि घरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. माणसानं याहून कमी काय मागावं?

अशात ते परिपत्रक आलं. विषय होता, 'शासकीय इमारती व वाहने यांच्या ऊर्जावापरात कार्यक्षमता आणणे आणि वाढत्या तापमानास तोंड देण्यास त्या सक्षम करणे.' वहीच्या रकान्यात तो मावेना, तेव्हा बुवांनी 'वीज वगैरे' असं लिहून सुटका करून घेतली. साहेबांनी शेरा मारला, 'संबंधितांनी कार्यवाही करावी.' आता संबंधित कोण? आस्थापनेचं म्हणणं, आम्ही माणसं बघतो, दिवे नाही. भांडाराचं म्हणणं, आम्ही वस्तू बघतो, वीज ही वस्तू नाही. सात टेबलं फिरून, 'या टेबलाशी संबंधित नाही' असे सात शेरे घेऊन परिपत्रक नवव्या दिवशी माहेरी परतलेल्या मुलीसारखं आवकबुवांच्या पुढ्यात येऊन बसलं.

तेव्हा कुठे बुवांनी ते वाचलं. (एरवी आवक कारकुनानं पत्र वाचायचं नसतं. वाचणारा गुंततो.) गोम शेवटच्या परिच्छेदात होती. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत जी कचेरी मागच्या वर्षीपेक्षा एक पंचमांश वीज वाचवणार नाही, ती जुन्या इमारतीतून उचलून मध्यवर्ती संकुलात हलवण्यात येईल.

बुवांच्या तोंडचं पाणी पळालं. मध्यवर्ती संकुल म्हणजे गावाच्या पार दुसऱ्या टोकाची सात मजली काचेची इमारत. लोक तिला काचमहाल म्हणत. काठी टेकत येणारे आजोबा तिथवर पोचणार कसे, हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न असा की काचमहालाच्या पाचव्या मजल्यावर बुवांचे साडू बसत. साडूंना 'आमच्याकडे' या शब्दाशिवाय वाक्य सुरू करता येत नसे. आमच्याकडे सगळं सेंट्रलाइज्ड. आमच्याकडे पंखा हा प्रकारच नाही. लग्नकार्यात तासभर हे ऐकणं वेगळं आणि रोज त्याच जिन्यानं चढणं वेगळं.

"या की आमच्याकडे," साडू फोनवर म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर जागा आहे. तुमच्या त्या धाब्याच्या घरात उकडून निघण्यापेक्षा बरं."

"येणार नाही," बुवा म्हणाले.

"कसे येणार नाही? वीज वाचवणार? तुम्ही?" साडू एवढे हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. आवकबुवांनी त्याच क्षणी परिपत्रकावर लिहिलं, 'संबंधित: अधोस्वाक्षरीकार,' आणि खाली सही ठोकली. उचलली जीभ लावली टाळ्याला असं नेहमी होतं, इथे पेनाचं झालं.

मागच्या उन्हाळ्यात कचेरीनं सहा हजार युनिट जाळले होते. म्हणजे यंदा चार हजार आठशेच्या आत राहायचं. बुवांना वाटलं, त्यात काय मोठं? कचेरीत बेचाळीस जुन्या जाड ट्यूब होत्या. त्या काढायच्या आणि एलईडी लावायच्या. नव्या ट्यूब वरूनच मंजूर होऊन आल्या. वायरमन शिडी घेऊन चढला आणि पहिल्या ट्यूबला हात घालणार, तोच खालून भांडारपालबाई ओरडल्या, "हात लावायचा नाही!"

भांडारपालबाई बुटक्या, चष्मेवाल्या आणि कायद्याला पक्क्या. त्यांच्या काखेत जडवस्तू नोंदवही होती. "या बेचाळीस ट्यूब माझ्या वहीत आहेत. निर्लेखन होऊन वहीतून कमी झाल्याशिवाय जागेवरून हलणार नाहीत."

"मग करा निर्लेखन."

"मी कोण करणार? समिती करते. समिती तीन जणांची. त्यातले दोन निवृत्त झाले, एक वारले."

"आणि नव्या ट्यूब?"

"त्या तीस दिवसांत बसवायच्या, असा आदेश आहे. बसवा ना. कुणी अडवलंय?"

वायरमन शिडीवरून दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. त्याला घरी जायची घाई होती. त्यानं प्रत्येक जुन्या ट्यूबशेजारी एक नवी ट्यूब बसवली आणि दोन्हींची वायर एकाच बटणाला जोडली. संध्याकाळी बुवांनी बटण दाबलं आणि कचेरीत असा लख्ख उजेड पडला की आस्थापनेच्या कारकुनानं कपाळावर हात धरला. कपाटामागची कोळिष्टकं दिसली. साहेबांच्या डोक्याला रंग लावलेला आहे हेही त्या दिवशीच सगळ्यांना कळलं, आणि साहेबांना ते कळल्याचं कळलं.

पहिल्या महिन्याअखेर मीटर वाचलं. दोन हजार तीनशे दहा. वीज वाचवायला लागल्यापासून कचेरीनं मागच्या वर्षीपेक्षा महिन्याला तीनशे युनिट जास्त जाळले होते. 'हात दाखवून अवलक्षण' ही म्हण बुवांनी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती, तिचा खरा अर्थ आता समजला.

त्यात गाडीची भर. वाहनांच्या ताफ्यात सुधारणा म्हणून साहेबांची जुनी डिझेल जीप गेली आणि विजेवर चालणारी गाडी आली. तिच्या ड्रायव्हरला सगळे पायलट म्हणत, कारण जीप चालवताना तो तिच्यातून उडाल्यासारखा दिसे. नव्या गाडीचा आवाज येत नाही म्हणून तो पहिले चार दिवस दर दोन मिनिटांनी खाली उतरून ती चालू आहे का ते बघायचा. तिचं चार्जिंग साहेबांच्या खोलीतल्या बटणावर. खिडकीतून जाड काळी वायर बाहेर, खिडकी उघडी, आत एसी चालू. ही व्यवस्था पाहून बुवांना गलबलून आलं.

रविवारी सकाळी ते घरी तोंड पाडून बसले होते. बायकोनं विचारलं, "झालं काय एवढं?"

त्यांनी सगळं सांगितलं. ट्यूब काढता येत नाहीत, निर्लेखन होत नाही, समिती स्वर्गवासी. बायको भाजी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, "तुमच्या बहिणीनं दिलेलं ते घड्याळ आठवतं का? तासाला कोंबडा आरवतो ते?"

"त्याचं काय आता?"

"कुठे आहे ते?"

बुवांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर कॅलेंडर होतं. "अगं, ते तर दुरुस्तीला दिलंय ना?"

"चार वर्षं झाली दुरुस्तीला. माळ्यावर आहे. टाकून दिलं असतं तर वन्संना वाईट वाटलं असतं. भिंतीवर ठेवलं असतं तर मला वेड लागलं असतं. वन्सं येतात, विचारतात, मी सांगते दुरुस्तीला दिलंय. त्या खूश, मी खूश. कोंबडापण खूश असेल."

बुवा उठून उभे राहिले. बावीस वर्षं ज्या व्यवस्थेत आपण मुरलो, तिची किल्ली आपल्याच बायकोच्या हातात असावी याचं त्यांना आश्चर्य वाटलं, थोडा अपमानही वाटला, पण आनंद त्याहून जास्त होता.

सोमवारी त्यांनी भांडारपालबाईंपुढे कागद ठेवला. 'कार्यालयातील बेचाळीस ट्यूब दुरुस्तीसाठी काढण्यात येत आहेत. ताबा: आवक-जावक कारकून.'

बाईंनी तो तीनदा वाचला. "चालू ट्यूब दुरुस्तीला?"

"वीज जास्त खातात. हा बिघाडच नाही का?"

"दुरुस्तीला निर्लेखन लागत नाही," बाई हळूच म्हणाल्या. वही तर शाबूत राहते, नोंदही राहते. नियम मोडत नव्हता. बाईंच्या चेहऱ्यावर कायदेप्रेमी माणसाला पळवाट सापडल्यावर जे तेज येतं ते आलं. त्यांनी सही केली आणि विचारलं, "अजून काय काय नादुरुस्त आहे?"

पुष्कळ काही होतं! कचेरीच्या हॉलमध्ये तीन एसी होते. पहिला नुसता आवाज करायचा, दुसरा पाणी गाळायचा आणि तिसरा गार करायचा, पण बाहेरच्या बाजूला. तिन्ही खिडक्या अडवून बसले होते. बाकीच्या खिडक्यांपुढे लोखंडी कपाटं होती, आणि ती कपाटं आपल्या जन्माआधीपासून तिथे आहेत असं पायलट शपथेवर सांगे. एसी गेले दुरुस्तीला. कपाटं 'सफाईसाठी तात्पुरती' सरकवली. तात्पुरतं या शब्दाला सरकारात कुणी हरकत घेत नाही, कारण बहुतेक सरकार तात्पुरत्या व्यवस्थेवरच चालतं. खिडक्या उघडल्या तेव्हा बिजागऱ्या किंचाळल्या, शेरभर धूळ खाली आली आणि तिच्या पाठोपाठ वारा आला. टपाल उडालं. आवकबुवा त्यामागे धावताना हसत होते, असं प्रत्यक्ष पाहणारे सांगतात.

राहिलं छप्पर. ते तापलं की खालच्या हॉलची भट्टी व्हायची. बुवांनी कुठेतरी वाचलं होतं की पांढरं छप्पर ऊन परतवतं. त्यांनी 'गळती प्रतिबंधक तात्पुरता लेप' या नावाखाली गच्चीला चुन्याचे तीन हात दिले. सरकारी कचेरीनं चुना लावला, यावर गावात जे विनोद झाले ते इथे देण्याची गरज नाही, वाचकांचे ते आत्तापर्यंत मनात करून झाले असतील.

परतवलेलं ऊन कुठे जातं, याचा विचार मात्र राहून गेला. ते शेजारच्या इमारतीत, निवृत्त हेडमास्तरांच्या गॅलरीत जात होतं. हेडमास्तरांचं पहिलं पत्र दुसऱ्याच दिवशी आलं. मग रोज एक. बुवा ते इमानेइतबारे आवक करत आणि उत्तर जावक करत, आणि हेडमास्तर ते उत्तर लाल शाईनं शुद्धलेखन तपासून परत पाठवत. आठव्या दिवशी हेडमास्तर स्वतः काळा चष्मा लावून आले.

"माझ्या गॅलरीत सूर्य दोन झालेत!" ते गरजले. "एक वर, एक तुमच्या गच्चीवर. मी पेपर वाचू कुठे?"

"बसा तर खरं, सर," बुवा म्हणाले आणि बाकावर जागा केली.

हेडमास्तर भांडण्यासाठी बसले. पाच मिनिटांनी त्यांनी चष्मा काढला. दहा मिनिटांनी वर छताकडे पाहिलं. "इथे एसी कुठाय?"

"दुरुस्तीला."

"मग गार कसं?"

बुवांनी समजावलं. हेडमास्तर दुसऱ्या दिवशी पेपर घेऊनच आले आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या सोसायटीची गच्ची पांढरी झाली. शिवाय जाताना ते एखाद्या पेन्शनवाल्या आजीचा अर्ज भरून देत, तोही शुद्ध भाषेत.

दुसऱ्या महिन्याचा आकडा आला, तेराशे तीस. म्हणजे शेवटच्या महिन्यात अकराशे साठच्या आत. बुवांनी रोज सकाळी मीटरपुढे उभं राहून आकडा टिपायला सुरुवात केली. तरी मेळ बसेना. काहीतरी गुपचूप वीज पीत होतं. त्यांनी गाडीचं लॉगबुक मागवलं. प्रत्येक ओळीत 'शासकीय काम' लिहिलेलं. रोज साडेबाराला सात किलोमीटर जाणं, सात येणं. रोज दोनला पुन्हा तेच.

"पायलट, हे रोज साडेबाराचं शासकीय काम कसलं?"

पायलटनं इकडेतिकडे पाहिलं. "साहेबांचा डबा आणतो."

"आणि दोनचं?"

"रिकामा डबा पोचवतो. बाईसाहेबांना चारला धुवायला लागतो."

आता साहेबांना सांगायचं कुणी? बुवांनी हिय्या करून टिपणी लिहिली, 'सदर डबा सकाळी साहेबांसमवेतच कार्यालयात आल्यास व सायंकाळी त्यांच्यासमवेतच परत गेल्यास दररोज अठ्ठावीस किलोमीटर वाचतील.' टिपणी आत गेली. तीन दिवस साहेब कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी टिपणी बाहेर आली. 'पाहिले' एवढाच शेरा होता. पण पाचव्या दिवशी सकाळी साहेब गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्या हातात डब्याची पिशवी होती आणि चेहरा असा होता की कुणी तिच्याकडे पाहायची हिंमत केली नाही.

शेवटचा दिवस उजाडला. काचमहालातून तपासणीच्या मॅडम येऊन संध्याकाळी पाचला मीटर वाचणार होत्या. सकाळी आकडा झाला होता चार हजार सातशे एकाहत्तर. उरले एकोणतीस, आणि कचेरी दिवसाला पंचेचाळीस खात होती. त्यातले बारा-पंधरा एकट्या साहेबांच्या एसीचे. तो एसी काही दुरुस्तीला जाणार नव्हता. बुवा खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच त्यांना ती खुर्ची परकी वाटली. 'गेली आपली खुर्ची,' त्यांनी मनाशी म्हटलं, आणि खरंच त्यांचे डोळे भरून आले.

त्या दिवशी ऊन असं होतं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. गावातले सगळे एसी एकदम सुरू झाले, आणि साडेअकराला गावाची वीज गेली.

कचेरीत काय झालं? काहीच नाही. खिडक्यांतून उजेड येत होता, वाराही येत होता. शिक्के पडत होते. बाकावर नऊ आजी-आजोबा बसले होते आणि दर दहा मिनिटांनी त्यातलं कुणीतरी काम उरकून उठत होतं. फक्त साहेबांच्या खोलीत, गाडीची वायर काढून काचा गच्च बंद करून बसलेल्या साहेबांचं पाचव्या मिनिटाला भरीत झालं. घाम पुसत ते बाहेर आले, हॉलच्या मध्यावर थबकले आणि त्यांनी छताकडे, खिडक्यांकडे, मग आवकबुवांकडे पाहिलं.

"अहो, इथे तर बरं आहे!"

"होय साहेब."

"मग मी आत काय करतोय?" साहेबांनी शिपायाकडून खुर्ची बाहेर मागवली आणि खिडकीशी बसून सह्या करू लागले. दीड वाजता वीज आली. साहेब उठून आत जाणार? साहेबांनी मानही वर केली नाही. "ते माझ्या खोलीतलं बंद करा कुणीतरी," ते म्हणाले. शिपाई असा धावला की वाटेतलं कचऱ्याचं पिंप उलटलं.

तपासणीच्या मॅडम चारलाच आल्या, त्याही घामाघूम. काचमहालातली वीज अजून आलीच नव्हती. लिफ्ट बंद, खिडक्या उघडत नाहीत, सात मजल्यांची माणसं जिन्यानं उतरून आवारात सावली शोधत होती. त्यांनी पाणी मागितलं, बाकावर टेकल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

"जुन्या ट्यूब कुठे आहेत?" त्यांनी शेवटी विचारलं.

"दुरुस्तीला," भांडारपालबाई वही उघडून म्हणाल्या.

"ट्यूब दुरुस्त होते?"

"प्रयत्न चालू आहेत," आवकबुवा म्हणाले.

मॅडमनी ओठ आवळून हसू दाबलं. पाचला सगळी कचेरी मीटरपाशी जमली. हेडमास्तरही घुसले. मॅडमनी वाकून आकडा वाचला, वजाबाकी केली, हेडमास्तरांनी ती तपासली. चार हजार सातशे चौऱ्याण्णव. सहा युनिट आत!

पायलटनं शिट्टी मारली. भांडारपालबाईंनी, ज्यांना कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, जडवस्तू नोंदवही छातीशी धरून टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला. साहेबांनी बुवांच्या पाठीवर थाप मारली. त्या संध्याकाळी साडूंचा फोन आला. पाच मजले उतरून त्यांचे गुडघे गेले होते. "तुमच्याकडे," साडू म्हणाले, आणि बुवांनी आयुष्यात प्रथमच त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला, "तुमच्याकडे खिडकीजवळ बसायला मिळतं म्हणे?"

एवढ्यावर थांबेल तर ते सरकार कसलं? महिन्याभरानं वरून पत्र आलं. आवकबुवांनीच ते फोडलं. कार्यालय जुन्याच इमारतीत कायम ठेवण्यात येत आहे. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग दुसरा परिच्छेद वाचला. 'उत्कृष्ट कामगिरीबद्दल सदर कर्मचाऱ्याची बदली मध्यवर्ती संकुलात, सर्व शासकीय इमारती व वाहनांच्या ऊर्जाकार्यासाठी, करण्यात येत आहे. त्यांस तात्काळ कार्यमुक्त करावे.'

कचेरी राहिली आणि तिला राखणारा चालला. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "मी काही करू शकत नाही हो," ते म्हणाले.

आवकबुवा मात्र शांत होते. त्यांनी पत्र आवक केलं, कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं. 'कार्यमुक्त होण्यापूर्वी कर्मचाऱ्याने ताब्यातील सर्व वस्तू सुस्थितीत परत करणे नियमाने बंधनकारक आहे. सदर कर्मचाऱ्याच्या ताब्यात बेचाळीस ट्यूब व तीन एसी दुरुस्तीसाठी आहेत. दुरुस्ती पूर्ण होताच त्यांस कार्यमुक्त करण्यात येईल.'

साहेबांनी वाचलं. त्यांनी भांडारपालबाईंकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

"अक्षर न् अक्षर," बाई म्हणाल्या. "वहीत आहे."

साहेबांनी सही केली.

त्यानंतर दर महिन्याला काचमहालातून विचारणा यायची, दुरुस्ती कुठवर आली. दर महिन्याला बुवा ती आवक करत आणि उत्तर जावक करत. शेवटची विचारणा त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी आली. बुवांनी तीही चढवली, खाली उत्तर लिहिलं, 'दुरुस्ती प्रगतिपथावर आहे,' शिक्का मारला आणि मग आपल्या खुर्चीतून उठले.